रस किती आंबट? पीएच मीटर सांगतोय, पण खरं सांगतोय का?

नमस्कार मंडळी. ऊस तोडणी चालू झाली, निपाणी-चिक्कोडीकडं गुऱ्हाळं पेटली, म्हणून आज पीएच मीटरचं कॅलिब्रेशन, म्हणजे आंबटपणा मोजायच्या यंत्राचा आकडा खरा आहे का ते तपासून जुळवणं. पीएच 7 म्हणजे ना आंबट ना खारट-चुनखडी, आकडा जेवढा खाली तेवढं आंबट.

आमच्या ओळखीच्या एका गुऱ्हाळावरची गोष्ट सांगतो. मालकाच्या पोरानं खिशात मावणारा मीटर आणलेला. ताज्या रसात बुडवला तर 6.2 दाखवला, आता उसाचा रस सव्वापाच-साडेपाचच्या आसपास असतोय हे गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, कोण सांगणार, पण पोरगं म्हणालं मामा, आंबटपणा मारायची चुन्याची निवळी कमी घाला, आकडा जमलाय. घातली कमी. तर गूळ काय बसंचना, ढेप मऊ, हाताला चिकट, कारण आंबट रस तापला की साखर फुटतीया. दुसऱ्या आधणालाही, म्हणजे रसाच्या दुसऱ्या काहिलीलाही, तेच! शेवटी गुळव्यानं रस चाखला आन् म्हणाला, बाळा, जीभ आंबट म्हणतीया, तुझं यंत्र तपास. मग पोरानं 7 च्या बफरमध्ये, म्हणजे पीएच पक्का ठरलेल्या द्रावणात, मीटर धरला, तर आकडा 7.8. म्हणजे रस खरा 5.4 च्या आसपास! मीटर कित्येक महिने ड्रॉवरात कोरडा पडलेला, काचेचा बल्ब सुकलेला. रातभर भिजवला, कॅलिब्रेट केला, पुढचं आधण झकास. 

तर कॅलिब्रेट करताना आधी 7 चं बफर, मग 4 चं. लक्षात ठेवा, आधी 7, मग 4, कारण रस आंबट बाजूला आहे. 7 वर मीटरचा शून्य जागेवर येतो, 4 वर त्याचा उतार कळतो, म्हणजे एका पीएचच्या फरकाला बल्बचा व्होल्टेज किती बदलतो ते, 25 अंशाला एका पीएचमागं साधारण 59 मिलीव्होल्ट. दोन बफरच्या मधी डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, टिश्यूनं नुसतं टिपा, घासू नका. आकडा थांबेपर्यंत थांबा. वापरलेलं बफर परत बाटलीत ओतायचं नाही. काहिलीतल्या उकळत्या रसात मीटर घालू नका, वाटीत काढून बफरएवढा गार होऊ द्या. आणि ठेवताना टोपीत पोटॅशियम क्लोराईडचं द्रावण, डिस्टिल्ड पाणी नाही, परत सांगतो, डिस्टिल्ड पाणी नाही, त्यात बल्बची वाट लागते. सीझनमध्ये रोज सकाळी पहिल्या आधणाच्या आधी 7 च्या बफरमध्ये बुडवून बघा.