खालच्या जबड्यात हाड भरताय? आधी हिरडीचं विचारा!

नमस्कार मंडळी! 'डॉक्टर, बोन ग्राफ्टिंगवर बोला' असं किती जणांनी लिहावं! घ्या, बोलतो. बोन ग्राफ्टिंग म्हणजे झिजलेल्या जबड्यात हाड भरणं.

दात गेले की हाड झिजतं, हे माहीतच आहे. खालचं तर फारच. १९७२ साली संशोधक टालग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांचा अभ्यास मांडला, त्यात पुढच्या भागात खालचा जबडा वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजलेला दिसला. आणि नाही हो, कॅल्शियमच्या गोळ्यांनी गेलेलं हाड परत उगवत नाही. रोज कुणीतरी विचारतंच!

थोडं कमी असेल तर हाडाची भुकटी आणि वर मेम्ब्रेन, म्हणजे ती झाकणारा पातळ पडदा. रुंदी गेली असेल तर अक्कलदाढेमागून किंवा हनुवटीतून तुकडा काढून स्क्रूने घट्ट बसवतात. फारच झिजलं असेल तर कमरेचं हाड. ओठ-हनुवटीची संवेदना सांभाळणारी नस खालच्या जबड्यातच असते, म्हणून आधी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्स-रे.

आता माझं खरं दुखणं. हाड कुठून घेतलं यावर लोक कमेंटमध्ये भांडतात. अहो, ते झाकलं कसं ते विचारा! आत हाड वाढवलं की तीच हिरडी वर पुरत नाही. ओढून टाके घातले की कडांचा रक्तपुरवठा तुटतो, जखम उघडते, हाड उघडं पडतं. म्हणून हिरडीच्या आतल्या अस्तराला हलकी चीर द्यायची, मग ती सैल होते. दोन्ही कडा न ओढता एकमेकींवर आल्या, तरच मी सुई हातात घेतो. स्क्रू बसवण्यापेक्षा जास्त वेळ माझा इथेच जातो.

एवढं करून घरी पाठवावं, तर कोथरूडच्या एक काकू व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात: ओठ पार हनुवटीपर्यंत ओढलेला! 'टाके नीट आहेत ना?' होते हो, फोटो काढेपर्यंत! ओठाचा ताण थेट टाक्यांवर येतो. टाके आम्ही बघू, तुम्ही आरशापासून लांब राहा.

मिश्रीवाल्यांनो, तुम्हीही ऐका. बोटाने चोळणं म्हणजे तीच हिरडी रोज ओढणं, वर तंबाखू जखम भरू देत नाही ती वेगळीच.

शेवटची कमेंट: 'मुलीचं लग्न आहे, चार दिवस जुनी कवळी घालू का?' नाही! ती नेमकी टाक्यांवर दाबते. आम्ही आतून कोरून, मऊ अस्तर लावून देईपर्यंत डबीतच ठेवा. फोटोत तोंड मिटून हसा, आणि जेवायला मठ्ठा आहेच. फक्त जिलेबी समोरच्याला द्या.