१४ ऑक्टोबरनंतरचा लॅपटॉप

हा लॅपटॉप २०१६ चा. झाकणावर एक लांब ओरखडा, स्पेसबार उजव्या अंगठ्याच्या जागी घासून गुळगुळीत झालेला, बाकी मशीन ठणठणीत. सहाव्या पिढीचा आय ५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, मध्ये कधीतरी मी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली होती त्यामुळे अजूनही चटकन सुरू होतो. माझ्या बाबांचा लॅपटॉप आहे हा. आणि एक दिवस त्याच्या स्क्रीनभर मेसेज आला की विंडोज १० चा सपोर्ट संपतोय आणि तुमचा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही. बाबांचा लगेच फोन, "अरे, चांगला चालतोय की हा, मग टाकून द्यायचा का आता?"

मी म्हटलं थांबा, मी येतो, तोवर काही दाबू नका.

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघं या एका प्रश्नाला चिकटून होतो. त्यात जे हाती लागलं ते या व्हिडिओत सांगतोय.

आधी तारीख बघू. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला, मंगळवारी. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सिक्युरिटी अपडेट काढते म्हणून या तारखा मंगळवारीच पडतात, एक्सपीची ८ एप्रिल २०१४ होती, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२०, दोन्ही मंगळवारच.

आता सपोर्ट संपतो म्हणजे होतं काय? बुधवारी सकाळी तुम्ही पीसी चालू करता आणि तो कालच्यासारखाच चालू होतो, सगळ्या फाइली जागच्या जागी, काहीच बिघडलेलं नाही. म्हणूनच लोक निवांत राहतात. पण आतली गोष्ट अशी आहे की विंडोज १० आणि ११ मधला बराचसा कोड एकच आहे. ११ मध्ये एखादं भगदाड सापडलं, ते बुजवणारं अपडेट आलं, की ज्यांना वाईट हेतूने बघायचंय ते जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते शोधतात, आणि तेच भगदाड १० मध्ये तसंच उघडं असलं तर त्यांना आयता रस्ता मिळतो. म्हणजे दर महिन्याच्या दुरुस्तीबरोबर जुन्या सिस्टिमची कच्ची जागा जगाला कळत जाते.

वॉनाक्रायचा सायबर हल्ला आठवतो का? १२ मे २०१७. १५० देशांत मिळून २ लाखांहून जास्त कॉम्प्युटर अडकले, फाइली कुलूपबंद, वर खंडणीची मागणी, ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांना पेशंट परत पाठवावे लागले. त्या भगदाडावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्येच, १४ तारखेला, आलेला होता. ज्यांनी लावला नाही ते सापडले. आणि एक्सपीसारख्या सपोर्ट संपलेल्या सिस्टिमसाठी तर तो सगळ्यांना मिळेल असा काढलेलाच नव्हता, हल्ला झाल्यावर मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून काढला. दर वेळी असा अपवाद होईल या भरवशावर राहणं मला पटत नाही.

दुसरी एक गोष्ट हळूहळू होते. विंडोज ७ चा सपोर्ट २०२० ला संपला, पण क्रोम त्यावर पुढे तीन वर्षं अपडेट होत राहिलं आणि मग १०९ नंबरच्या व्हर्जनला थांबलं. १ जानेवारी २०२४ पासून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानानेही हात काढून घेतला. आधी सिस्टिम जाते, मग ब्राउझर जातो, मग एकेक वेबसाइट म्हणायला लागते की तुमचा ब्राउझर जुना आहे. या वाटेवर दोन-तीन वर्षं मिळतात खरी, पण धोका रोज थोडाथोडा वाढत जातो.

बरं, "पात्र नाही" हा मेसेज दर वेळी खरा असतोच असं नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच आठवड्यात ताईच्या डेस्कटॉपवरही तोच मेसेज आला. तिचं मशीन तर नवव्या पिढीचं. विंडोज ११ ला लागतं काय तर ६४ बिटचा प्रोसेसर, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (चालू होताना अनोळखी सॉफ्टवेअर रोखणारी सोय), आणि टीपीएम २.० नावाची सोय, जी कुलपाच्या किल्ल्या सांभाळायचं काम करते. ताईच्या मशीनमध्ये ती सोय होती, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेली. इंटेलच्या बोर्डवर तिचं नाव पीटीटी असतं, एएमडीवर एफटीपीएम. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून टीपीएम डॉट एमएससी टाइप केलं की आहे का नाही ते कळतं. ती चालू केली, परत तपासलं, मशीन पात्र. ताई नवीन पीसी बघायला लागली होती अक्षरशः. तर आधी हे बघा, मग पुढचं ठरवा.

बाबांच्या लॅपटॉपला मात्र हा मार्ग नव्हता. टीपीएम होतं, प्रोसेसरच यादीत नाही.

मग काय काय करता येतं? मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी एक वर्षाची मुदतवाढ जाहीर केली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट. ती आम्ही आधी घेऊन टाकली. घाईने निर्णय घ्यायला लागू नये एवढ्यासाठी, कायमचा उपाय म्हणून नाही. दुसरं म्हणजे तपासणी चुकवून विंडोज ११ बसवायचं, तशी टूल्स आहेत, चालतंही. पण मायक्रोसॉफ्ट स्वच्छ सांगते की अशा मशीनला अपडेटची हमी नाही. स्वतःच्या प्रयोगाच्या मशीनवर करा हवं तर, पण जो माणूस अपडेट फसलं तर एकटा बसून दुरुस्त करू शकत नाही त्याच्या मशीनवर करू नका असं माझं ठाम मत आहे. मॅकवर जायचं तर मशीनच बदलायला लागतं, म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर "हो, टाकून द्या" असं होतं.

क्रोमओएस फ्लेक्स पण बघितलं. ही गूगलची ऑपरेटिंग सिस्टिम, २०२२ मध्ये आलेली, विंडोजच्या जागी जुन्या मशीनवर बसते, हलकी आहे, आणि ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्येच चालतं त्याला खरंच पुरते. फक्त त्यावर प्ले स्टोअरची अँड्रॉइड ॲप चालत नाहीत, आणि कुठल्या मॉडेलला कधीपर्यंत सपोर्ट याची गूगलची यादी असते ती आधी बघावी लागते.

राहिलं लिनक्स. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिलं होतं की मी एक फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय, छंद म्हणून, मोठं काही होणार नाही. आज जगातले बहुतेक सर्व्हर त्याच्यावर आहेत आणि अँड्रॉइड फोनच्या आतही तेच आहे. लिनक्स म्हणजे खरं तर फक्त कर्नल, आतला गाभा, त्याच्याभोवती मेनू, सेटिंग, ॲप असं सगळं रचून जे पॅकेज तयार होतं त्याला डिस्ट्रो म्हणतात. आणि अशा डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत. इथेच लोक अडकतात, दोन दोन महिने व्हिडिओ बघत बसतात की ही चांगली का ती.

मी पण अडकलो होतो. मग बाबांनीच सोडवलं. ते म्हणाले, "तू मला नावं सांगू नकोस, मी काय काय करतो ते तू लिहून घे." पाठकोरा कागद घेतला आणि बसलो. मेल. बँकेची साइट. फोनमधले फोटो उतरवणं. मराठीत लेख टाइप करणं. प्रिंट. स्कॅन. नातीशी व्हिडिओ कॉल. जुन्या डॉक फाइली. रेडिओ. आणि सगळ्यात शेवटी, थोडं थांबून म्हणाले, वंशावळ. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी घेतलेलं वंशावळीचं एक विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलीय, आणि त्यात त्यांनी चारशेच्या वर नावं भरून ठेवलीयत.

त्या कागदाने सगळं सोपं केलं. मशीनला काय झेपतं आणि कागदावरचं काय चालतं, एवढंच बघायचं होतं. तुमच्या कागदावर फोटोशॉप असेल, किंवा व्हॅलोरंटसारखा गेम ज्याचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतच नाही, तर उत्तर वेगळं येईल आणि ते बरोबरच असेल, उगाच ओढूनताणून लिनक्सवर जाऊ नका. मशीन ३२ बिटचं असेल तरी वेगळं, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या डिस्ट्रोने सुद्धा ३२ बिटच्या पीसीसाठीचा इन्स्टॉलर बंद केलाय.

आम्ही लिनक्स मिंट घेतलं. उबुंटू नावाच्या डिस्ट्रोच्या लांब मुदतीच्या व्हर्जनवर उभं आहे, २२ ची मालिका एप्रिल २०२९ पर्यंत चालणार, आणि मेनू डाव्या कोपऱ्यात खाली, बाबांच्या हाताला सवय आहे तिथेच. रॅम कमी असती तर त्याचंच एक्सएफसीई वालं हलकं व्हर्जन घेतलं असतं.

पण लगेच बसवलं नाही. फ्रान्सच्या जांदार्मरीने, म्हणजे तिथल्या एका पोलीस दलाने, जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. २००५ मध्ये त्यांनी विंडोज तसंच ठेवून फक्त ऑफिस बदललं, ओपनऑफिस आणलं. पुढच्या वर्षी ब्राउझर बदलला, फायरफॉक्स. लोकांना त्याची सवय झाल्यावर २००८ पासून खालची सिस्टिम बदलायला घेतली, तोवर रोज जे उघडायचं ते ओळखीचं झालेलं होतं. ७० हजारांहून जास्त मशीन अशी हलवली. उलट म्युनिक शहराने २००३ मध्ये ठरवलं, दहा वर्षं खपून सुमारे १५ हजार मशीन लिनक्सवर नेली आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचा ठराव केला. त्यामागे राजकारण होतं तसं बाहेरच्या ऑफिसांशी फाइलींची देवाणघेवाण करताना येणाऱ्या अडचणीही होत्या.

म्हणून पहिले दोन आठवडे बाबांच्या विंडोजवरच लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स टाकून दिलं. पहिल्या दिवशी कुरकुर झाली, जुन्या डॉक फाइलींतले तक्ते थोडे सरकले होते, ते एकदा नीट करून परत सेव्ह केले. दुसऱ्या आठवड्यात कुरकुर नाही.

मग लाइव्ह यूएसबी. ही गोष्ट लोक वगळतात आणि नंतर पस्तावतात. साधारण ३ जीबीची फाइल उतरवायची, पेनड्राइव्हवर चढवायची, लॅपटॉप चालू होताना बूट मेनूचं बटण दाबायचं, बहुतेक ठिकाणी एफ १२ नाहीतर एस्केप, आणि अख्खी सिस्टिम पेनड्राइव्हवरूनच चालते, आतल्या डिस्कला हात लागत नाही. पेनड्राइव्हमुळे जरा संथ चालते, त्यावरून मत बनवू नका. कागद घेऊन बसा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे सगळं करून बघा. आम्ही एकेक करत टिक करत गेलो. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून दोन मिनिटांत मिळाला.

स्कॅनरची मला धाकधूक होती. तो इतका जुना की बनवणाऱ्या कंपनीने विंडोज ११ साठी ड्रायव्हर काढलाच नाही, म्हणजे नवा पीसी घेतला असता तर स्कॅनरही गेला असता. वायर लावली, डॉक्युमेंट स्कॅनर नावाचं ॲप आधीच होतं ते उघडलं, बटण दाबलं, आणि काचेखाली दिवा सरकायला लागला. लिनक्समध्ये सेन नावाचा एक प्रकल्प आहे, त्यातली माणसं वर्षानुवर्षं असल्या सोडून दिलेल्या स्कॅनरचे ड्रायव्हर जिवंत ठेवतायत. बाबा त्या दिव्याकडे बघत राहिले होते.

डिस्क पुसायच्या आधी सगळ्या फाइली दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी केल्या, ब्राउझरमधले पासवर्ड बाहेर काढले, आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का ते बघितलं. चालू असेल तर ती ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, बायोसमध्ये काही बदलायच्याही आधी, नाहीतर स्वतःच्याच डिस्कबाहेर उभं राहायची वेळ येते. मग बसवलं. अर्धा तास पण लागला नाही.

आणि वंशावळ. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाईन नावाचं सॉफ्टवेअर १९९३ पासून बनत आलंय, जुन्या साध्या प्रोग्रॅमना ते बरं चालवतं. बाबांचा प्रोग्रॅम उघडला. पण नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो प्रोग्रॅम युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा, आत इंग्रजी अक्षरं साठवायची आणि वरून देवनागरीचा फॉन्ट चढवायचा. विंडोजमधून ती फॉन्टची फाइल आणून टाकली आणि नावं दिसायला लागली. दिसली म्हणजे सुटलं असं नव्हे, कारण तो फॉन्ट आणि तो प्रोग्रॅम दोन्ही किती दिवस चालतील कोण जाणे. सगळी माहिती जेडकॉम, म्हणजे वंशावळीसाठी ठरलेल्या पद्धतीच्या, फाइलमध्ये बाहेर काढून ग्रँप्स या लिनक्सवरच्या प्रोग्रॅममध्ये घेतली, तर नाती, तारखा, कोणाचा कोण मुलगा हे सगळं बरोब्बर आलं, फक्त नावं तशीच चिन्हांची.

मी म्हटलं एखादा कन्व्हर्टर बघतो, जोडाक्षरं बिघडतील थोडी, ती नंतर सुधारू. बाबा नको म्हणाले. आता रोज संध्याकाळी डाव्या बाजूला जुना प्रोग्रॅम, उजव्या बाजूला ग्रँप्स उघडून एकेक नाव परत टाइप करतात, युनिकोडमध्ये. कागदावर तेवढी एकच टिक राहिलीय. काल फोन आला तेव्हा म्हणाले पणजोबांच्या भावंडांपर्यंत आलोय, आणि तिथे एका आत्याचं नाव दोनदा पडलं होतं ते आत्ता लक्षात आलं.