अंड्यातली लाट

[दृश्य: बीकरवर पालथा ठेवलेला सी अर्चिन]

पोटॅशियम क्लोराईडचं एक इंजेक्शन दिलं, आणि सी अर्चिन या समुद्री प्राण्यातून, काट्यांच्या या गोळ्यातून, अंडी पाझरू लागली. एकेक अंडं जेमतेम ०.१ मिलिमीटरचं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली अंडं, भोवती शुक्रजंतू]

एक शुक्रजंतू चिकटला. आता डाव्या कडेकडे बघा.

[पाच सेकंद निवेदन नाही]

हे उजळतंय ते कॅल्शियम. अंड्यात आधीच एक रंग सोडलेला आहे. मोकळं कॅल्शियम मिळालं की तो चमकतो. लाट या टोकापासून त्या टोकाला पोचायला साधारण अर्धं मिनिट लागतं.

हे कॅल्शियम आलं कुठून? बाहेर समुद्राचं पाणी, त्यात कॅल्शियम भरपूर. अंड्याच्या पेशीद्रवात मात्र ते सुमारे लाखपट कमी. तेव्हा बाहेरूनच शिरलं असणार, असं कुणालाही वाटेल. १९७४ मध्ये स्टाइनहार्ट आणि एपेल या संशोधकांनी कॅल्शियम नसलेल्या पाण्यात अंडी ठेवली, आयनोफोर नावाचं, पटलांतून कॅल्शियमला वाट करून देणारं रसायन घातलं. अंडी तरीही जागी झाली, म्हणजे फलन झाल्यासारखी कामाला लागली! म्हणजे साठा आतच होता.

[दृश्य: ॲनिमेशन]

तो असतो आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात. पण तिथवर निरोप कोण नेतो? उत्तर १९८३ मध्ये मिळालं, तेही उंदराच्या स्वादुपिंडाच्या पेशींत. पेशीपटलातल्या एका मेदरेणूचे दोन तुकडे होतात. त्यातला एक, आयपी-थ्री, पेशीद्रवात उतरतो, जालिकेवरच्या ग्राहीला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो आणि दार उघडतं. बाहेर पडलेलं कॅल्शियम शेजारची दारं उघडायला मदत करतं, म्हणून लाट वणव्यासारखी पुढे सरकते. मग पंप कॅल्शियम उपसून परत जालिकेत भरतात. पेशीला त्यासाठी एटीपी, म्हणजे तिचं ऊर्जेचं इंधन, खर्चावं लागतं. पुढच्याच वर्षी व्हिटेकर आणि अर्व्हिन यांनी सी अर्चिनच्या अंड्यात नुसतं आयपी-थ्री टोचलं. शुक्रजंतूशिवाय अंडं जागं झालं.

[दृश्य: अंड्याभोवती उचलला जाणारा पापुद्रा]

लाटेमागोमाग हा पापुद्रा वर उचलला जातो. उशिरा आलेल्या शुक्रजंतूंना आता वाट नाही.

या माणसांपैकी कुणी औषध शोधायला निघालं नव्हतं. माणसाच्या अंडपेशीतही कॅल्शियम उसळतं, तासन्‌तास, पुन्हापुन्हा; ते सुरू करणारं प्रथिन काही पुरुषांच्या शुक्रजंतूत नसतं. अशा जोडप्यांसाठी काही आयव्हीएफ प्रयोगशाळा आयनोफोरच वापरतात.