टेपने वजन कळतं, चरबी नाही

नमस्कार मंडळी! नाताळ जवळ आलाय, वसईपासून वांद्र्यापर्यंत सोरपोतेलची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या झणझणीत रश्श्याची, तयारी सुरू झालीये, तर आज डुकराबद्दल बोलू. नाक मुरडणाऱ्यांनी तेवढ्यात चहा टाकून यावा, रागावणार नाही.

गेल्या वर्षी मी आणि माझा मेव्हणा वसईकडे डुक्कर घ्यायला गेलो, तिथे काटाच नाही. पाळणारा म्हणाला टेप आहे ना, झालं. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्यायचा, मग दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, दोन्ही मीटरात, आणि घेराचा वर्ग गुणिले लांबी गुणिले 69.3 केलं की किलोत वजन. घेर एक मीटर, लांबी एक मीटर, तर साधारण 69 किलो. फक्त ते सरळ उभं राहायला हवं, त्यासाठी दोन माणसं आणि बादलीभर खाणं लागलं!

वजन बरोबर निघालं हो, पण कापल्यावर बघतो तर चरबीच चरबी. मेव्हण्याचं तोंड बघण्यासारखं झालं. शिंप्याचंही तसंच ना, कंबर 40 आली, पण ती व्यायामाची की वडापावची हे टेप थोडंच सांगतो?

खरा हिशोब पाठीवरच्या चरबीचा. शेवटच्या बरगडीपाशी, कण्यापासून साडेसहा सेंटीमीटर बाजूला मोजतात, तिथली चरबी जितकी जाड तितकं लीन मीट, म्हणजे बिनचरबीचं मांस, कमी. 1952 साली अमेरिकेत हेझल आणि क्लाइन यांनी जिवंत डुकराच्या कातडीला बारीक चीर देऊन पट्टी आत सरकवून हे मोजलं होतं, आता सोनोग्राफीचं मशीन टेकवलं की काम झालं. युरोपात कत्तलखान्यात चरबी आणि स्नायूची जाडी सूत्रात घालून ग्रेड देतात, 60 टक्के किंवा जास्त लीन मीट असेल तर एस, म्हणजे सगळ्यात वरचा ग्रेड. पण सूत्र देशागणिक वेगळं, कारण तिथलीच डुकरं कापून, मांस वेगळं काढून ते बसवलेलं असतं. लँडरेस या परदेशी जातीचं सूत्र आपल्या गावठी डुकराला लावाल तर फसाल. त्यात खच्ची केलेल्या नराला मादीपेक्षा चरबी जास्त, आणि हॉटेलच्या उष्ट्यावर पोसलेलं असलं तर विचारूच नका.

मशीन नसेल तर मागे उभं राहून बघा. मांड्या पाठीपेक्षा रुंद आणि पाठीवर मधोमध पन्हळ दिसली तर मांस आहे, गळा लोंबतोय नि पाठ टेबलासारखी सपाट असेल तर चरबी. यंदा बघायला मेव्हणा उभा राहणार, बादली माझ्याकडे.