लेकरांना घेऊन भंडारदऱ्याच्या वाटेवर

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाने जोर धरला की नाशिककरांच्या गाड्या घोटीकडे वळतात. भंडारदरा इथून जेमतेम ७० किलोमीटर. मोठी माणसं धरण आणि धबधबा बघायला निघालेली असतात, पण मागच्या सीटवरच्या पोराची सहल घराच्या फाटकातूनच सुरू झालेली असते. म्हणून आज बोलायचंय ते वाटेबद्दल.

आधी मुलांच्या उलट्यांबद्दल, कारण निम्म्या सहली तिथेच नासतात. २ ते १२ या वयात गाडी लागण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त असतं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वळतोय, हलतोय. डोळे मात्र मोबाइलवर किंवा समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले, ते सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि पोटात ढवळायला लागतं. त्यामुळे घाटात मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक दोन्ही बंद. मुलाला मागच्या सीटवर अशा जागी बसवा की समोरच्या काचेतून लांबचा डोंगर दिसेल. खिडकी दोन बोटं उघडी ठेवा.

दुसरं कारण खाण्याचं. रविवारी सकाळी निघताना तर्रीदार मिसळ हा आपला रिवाज, पण तेलकट, तिखट पोट घेऊन घाट चढणं लहानांना झेपत नाही. अगदी उपाशीपोटीही नेऊ नका, त्यानेही मळमळतं. निघण्याच्या तासभर आधी तूप लावलेली पोळी किंवा दशमी, सोबत केळं, एवढं पुरे. पाणी घोट घोट द्यावं. ४ वर्षांखालच्या मुलाला चालत्या गाडीत अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका. खड्ड्यात गाडी आदळली की दाणा घशात अडकतो. गोळी द्यायचीच असेल तर कोणती आणि किती, हे डॉक्टरांना विचारून आदल्या दिवशीच ठरवा. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात ठरत नाही. दोन-तीन पिशव्या, ओला रुमाल आणि एक जादा सदरा हाताशी असू द्या, डिकीत नको.

आता गाडी. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. दहा-वीस किलोमीटर चालल्यावर हवा तापून आकडा वाढलेला दिसतो आणि फसायला होतं. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी हवेचा आकडा बहुधा वेगळा असतो. तो ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेला असतो. स्टेपनीतली हवा मात्र हमखास विसरली जाते. जॅक आणि पाना गाडीत आहे का, हेही आदल्या दिवशी बघा. वायपर फिरल्यावर काचेवर रेघा उमटत असतील तर रबर बदला.

पाच माणसं आणि ओले कपडे घेऊन निघालं की काच आतून धूसर होते, कारण श्वासातली वाफ थंड काचेवर जमते. हाताने पुसली तर तेलकट डाग राहतो आणि समोरच्या गाडीचे दिवे फाकतात. एसी लावा, वारा काचेवर सोडा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करा. मिनिटाभरात काच निवळते.

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहान मुलांची सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. पण दंड बाजूला ठेवा. पुढच्या सीटवर मांडीत घेतलेलं मूल जोराचा ब्रेक लागला तर कोणाच्याही हातात राहत नाही, आणि एअरबॅग उघडली तर ती थेट त्याच्यावर आदळते.

पेट्रोल घोटीलाच भरा. हायवे सोडला की भाताची खाचरं सुरू होतात. इथे घाई करू नका. जुलैत आवणीची वेळ असते. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावणारी माणसं मुलांना दाखवा, त्यांच्या ताटातला भात इथून येतो. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांचा खेळ लावून द्या. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर गावाकडचा रस्ता. वर मराठी आकडे लिहिलेले असले की वाचनाचा सरावही होतो.

पुढे बारी. बारी म्हणजे डोंगरातली खिंड. डोक्यावर कळसूबाई, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. या रांगेच्या अलीकडचं पाणी दारणेत जातं, पलीकडचं प्रवरेत, आणि दोघी शेवटी गोदावरीलाच मिळतात. नाशिकच्या मुलाला हे सांगितलं की ते डोंगराकडे वेगळ्या नजरेने बघतं.

उतरताना, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पकड सुटत जाते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. धुक्यात दिवे खाली, लो बीमवर. वरचा झोत धुक्यावरून परत आपल्याच डोळ्यांत येतो.

भंडारदऱ्याचं धरण म्हणजे विल्सन धरण, १९२६ साली पूर्ण झालं, प्रवरेवर. रंधा धबधबा त्याच नदीवर आहे, म्हणून धरणातून पाणी सोडलं की डोक्यावर ऊन असतानाही तिथलं पात्र फुगतं. कठड्याच्या आतूनच बघा. कुठल्याही ओढ्यात पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला किंवा आवाज घुमायला लागला, तर चप्पल शोधत बसू नका. मुलाला उचला आणि काठ चढून वर जा. ओढ्याच्या कडेकडेने खाली पळणं घातक. फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणी छोट्या गाडीची चाकं उचलू शकतं, आणि गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचलीय, ते वरून कळत नाही.

सकाळी ६ला निघा, दुपारी ३ला परत फिरा. अंधार आणि धुकं एकत्र नको. मुलं येताना झोपतात. झोपली तरी पट्टा सोडू नका, मानेला टॉवेलची गुंडाळी द्या. आणि सकाळी राहिलेली मिसळ? घोटीला हायवेवर आलात की खुशाल खा. लहानांसाठी रस्सा बिनतर्रीचा मागा, सोबत दही.