रिटायर होताय, पण घरी विचारलं का?

नमस्कार मंडळी. मे महिना संपत आला की आपल्या खान्देशात गावोगावी शाल-श्रीफळाचे कार्यक्रम लागतात, कारण आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना 1 जून लावून टाकलेली, आणि एक तारखेचा जन्म असला की नोकरी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते, म्हणजे 31 मे. फोटो निघतात, भाषणं होतात, शेवभाजीचं जेवण होतं. आणि दुसऱ्या दिवसापासून जो भेटेल तो विचारतो, आते काय करशी भाऊ?

मी नोकरीभर आस्थापनेच्या टेबलावर बसलो, लोकांची पेन्शनची प्रकरणं केली. त्यावरून सांगतो, केव्हा रिटायर व्हायचं हे माणूस साहेबाशी बोलतो, युनियनवाल्याशी बोलतो, चहाच्या टपरीवर तर रोजच बोलतो, फक्त घरात बायकोशी बोलायचं राहून जातं. बाई नोकरीला असली, शिक्षिका असो का नर्स, तर तिनंही नवऱ्यासोबत हे बोलायलाच पाहिजे. हा निर्णय दोघांचा आहे आणि त्याचा जास्त भार जो मागे राहतो त्याच्यावर पडतो.

आता हिशोब बघा. आपल्या राज्य सरकारच्या नोकरीत बहुतेकांचं वय 58, चतुर्थ श्रेणीला 60. भुसावळला रेल्वेत किंवा ऑर्डनन्स फॅक्टरीत असाल तर 60. आधी सुटायचं तर राज्य सरकारात 20 वर्षं सर्व्हिस झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेता येते. जुन्या पेन्शनवाल्याला पूर्ण सर्व्हिस झाली की शेवटच्या मूळ पगाराच्या 50 टक्के मिळतात, पण त्याच्यामागे बायकोला सुरुवातीची काही वर्षं सोडली तर 30 टक्केच. 1 नोव्हेंबर 2005 ला किंवा त्यानंतर लागलेल्यांचा हिशोब वेगळा, त्यांनी आपापल्या ऑफिसात बसून तो नीट समजून घ्यावा.

एसटीवाले, कंपनीवाले, साखर कारखान्यातले, यांची पेन्शन पीएफ ऑफिसची. तिथं पगार कितीही असला तरी साधारण 15,000 च्या मर्यादेवर हिशोब होतो, गुणिले सर्व्हिसची वर्षं, भागिले 70. वीस वर्षांच्या वर नोकरी झाली की दोन वर्षं जादा धरतात. म्हणजे 28 वर्षं गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला 30 धरून महिन्याला जास्तीत जास्त 6,400 च्या आसपास बसतात, आणि त्याच्यानंतर त्याच्या बायकोला त्याच्या निम्मे. नोकरी सोडून वयाच्या 50 नंतर ही पेन्शन लवकर उचलता येते पण 58 ला जितकी वर्षं कमी तितके वेळा 4 टक्के कापले जातात, ते कायमचे. उलट 58 नंतर 60 पर्यंत थांबलात तर वर्षाला 4 टक्के वाढतात. हा आकडा घरात कागदावर लिहून दाखवा. तब्येत साथ देत नसेल तर थांबू नका, ते मीही म्हणेन, पण नुसता कंटाळा आला म्हणून 52 ला उचलायची नाही.

मग येते एकरकमी रक्कम. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, शिवाय सरकारी पेन्शन असेल तर तिचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग विकून, म्हणजे आगाऊ उचलून, मिळालेले. विकलेला भाग 15 वर्षांनी परत सुरू होतो, म्हणजे 58 ला विकला तर 73 व्या वर्षी, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. ही रक्कम यायच्या आधीच तिला वाटा फुटलेल्या असतात, पोराचा पुण्यातला फ्लॅट, पोरीचं लग्न, शेतात बोअर आणि ठिबक. पोरांना द्या, मी नाही म्हणत नाही, पण आधी दोघांचं म्हातारपण बाजूला काढा आणि मग द्या. पोस्टात ज्येष्ठ नागरिकांची योजना आहे, 30 लाखांपर्यंत, 5 वर्षांची, व्याज दर तीन महिन्यांनी, आणि 2023 पासून दर 8.2 टक्के आहे. वय 60 नसलं तरी 55 पूर्ण असलेल्या रिटायर माणसाला पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं. ते दोघांच्या नावानं उघडा.

एक बाई माझ्या टेबलाशी आल्या होत्या, हातात कापडी पिशवी, त्यात सगळे कागद, नवरा जाऊन थोडेच दिवस झालेले. सेवापुस्तक उघडलं तर वारस म्हणून सासूबाईंचं नाव, कारण लग्नाआधी नोकरी लागली आणि नंतर कोणी बदललंच नाही. आधारवर बाईंचं नाव एक, बँकेत दुसरं, रेशन कार्डावर माहेरचं. प्रतिज्ञापत्रं करता करता त्यांचे महिने गेले आणि तेवढे दिवस त्या भावाच्या घरी खात होत्या. ते मला अजून बोचतं. म्हणून सांगतो, दोन वर्षं शिल्लक असतानाच सेवापुस्तक मागून घ्या, वारसाचं पान बघा, सह्या राहिल्यात का बघा, आणि नावं सगळीकडे एकसारखी करा.

आणि दिवस कसा जाणार तेही बोला. आजवर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घर तिचं होतं, तिची भिशी, तिचे पापड, तिच्या मैत्रिणी. तिथं तुम्ही दिवसभर सूचना देत बसलात तर तिला घरात श्वास घ्यायला जागा राहणार नाही. माझ्या ओळखीचे एक कंडक्टर रिटायर व्हायच्या आधीच सुट्टीच्या दिवशी एरंडोलकडच्या शेतात जायला लागले, निंबू लावले, म्हणून पुढे त्यांना दिवस पुरेना. ज्यांना शेत नाही त्यांनी वाचनालय बघा, पोरांना गणित शिकवा, स्वयंपाक शिका, काहीही, पण सुरुवात नोकरीत असतानाच करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला जातो, तेव्हा दुपारी बाहेर कुठं जाणार, घरातच दोघांना राहायचंय.

जे आधीच रिटायर झालेत त्यांच्यासाठी एवढंच, हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा, सरकारी पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरात, आता तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. तो कसा करतात हे घरातल्या बाईलाही शिकवून ठेवा. नमस्कार.