कौल कोणाला हवा असतो?

श्रोतेहो, नमस्कार.

"पुढाऱ्यांवर विसंबू नका, थेट लोकांनाच विचारा," ही मागणी आपण अनेकदा ऐकतो. सामान्य जनता एकमुखी आणि सच्ची असते आणि वरची मूठभर माणसे तिला फसवतात, या धारणेला अभ्यासक लोकानुनयवादी वृत्ती म्हणतात. ही धारणा बाळगणाऱ्यांचा सार्वमताला अधिक पाठिंबा असतो, असे युरोपातील पाहण्यांत दिसले आहे. कौल आपल्या बाजूने लागेल असे वाटले की हा पाठिंबा वाढतो, असेही त्यांत आढळले. मला ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिची साक्ष गोव्याच्या इतिहासात आहे.

डिसेंबर 1963 मध्ये गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत राबणारे कूळ आणि त्याच्याच भाटात घर बांधून राहणारा, उद्या हाकलले तर कुठे जायचे या धास्तीत जगणारा मुंडकार, यांची पिढ्यान्‌पिढ्या साचलेली चीड या पक्षाच्या पाठीशी होती. बहुजनांचा हा पक्ष सार्वमत मागेल, असे कोणालाही वाटले असते. पण सभागृहात बहुमत त्याचेच होते. महाराष्ट्रात विलीन होण्याचा कौल निवडणुकीनेच दिला आहे, असे तो म्हणत होता. थेट लोकांना विचारा, हा आग्रह धरला तो विरोधी बाकांवरच्या डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने.

संसदेने 1966 च्या अखेरीस त्यासाठी कायदा केला. प्रचारात सत्तेचे वजन पडू नये म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले, आणि हे मला त्या साऱ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे पाऊल वाटते. 16 जानेवारी 1967 रोजी मतदारांपुढे दोनच चिन्हे होती: विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून राहण्यासाठी दोन पाने. पानांना 1,72,191 मते मिळाली, फुलाला 1,38,170. जनता एकमुखी असते, असे हे आकडे पाहून कोण म्हणेल? हरलेले लाखाहून अधिक लोकही गोंयकारच होते.

फूल किंवा पाने निवडल्यावर पुढे काय होणार, हे मात्र प्रत्येकाला ठाऊक होते. ब्रिटनमध्ये 23 जून 2016 रोजी 51.9 टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, पण कोणत्या अटींवर बाहेर पडायचे, हे मतपत्रिकेवर नव्हते. त्या एका प्रश्नावर तिथली संसद साडेतीन वर्षे झगडत राहिली.

गोव्यात कौलानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, मार्च 1967 मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरण नाकारणाऱ्या त्याच गोव्याने महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा निवडून दिले, आणि भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले.